कॉस्टको, सॅम्स क्लब आणि राज्यागणिक बदलणारे नियम

ओसरी
कॅलिफोर्नियात अकरा वर्षं काढून मार्चमध्ये आम्ही फिलाडेल्फियाच्या बाहेर राहायला आलो. सामान लागायच्या आधीच पहिल्या शनिवारी सवयीने कॉस्टको गाठलं, म्हणजे वर्षाची फी भरणाऱ्या सभासदांसाठीचं ते ठोक मालाचं गोदामवजा दुकान. पार्किंगची मारामारी तीच, दारात कार्ड बघणारा माणूस तसाच, आत शिरल्याशिरल्या टीव्हीच्या भिंती. माहेरी आल्यासारखं वाटलं. संध्याकाळी नवऱ्याच्या ऑफिसातली चार माणसं जेवायला येणार होती, म्हणून वाइनची रांग शोधायला लागले. सापडेचना. गाडा ढकलत दोनदा दुकान पालथं घातलं. शेवटी एका कर्मचाऱ्याला विचारलं तर तो गालातल्या गालात हसून म्हणाला, "नवीन आलात वाटतं पेनसिल्व्हेनियात?"

इथे दारू आणि वाइन मुख्यतः राज्य सरकारच्या स्वतःच्या दुकानांतून मिळते. काही किराणा दुकानं रेस्टॉरंटचा परवाना घेऊन बीअर-वाइन ठेवतात, पण कॉस्टकोत नाही. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. माझं कार्ड तेच, वर्षाचे ६५ डॉलर तेच, इमारतसुद्धा डोळे मिटून चालता येईल इतकी सारखी. मग आत काय मिळणार, कितीला मिळणार आणि कार्डाशिवाय काय मिळणार हे राज्य ओलांडलं की बदलतं कसं? वेगवेगळ्या राज्यांतल्या लोकांनी आपापल्या गावचे नियम लिहावेत म्हणून हा धागा. दारूपुरताच नाही. पेट्रोल, औषधं, कर, बाटल्या, सगळं चालेल.

रिकामटेकडा
टेक्सासची हजेरी लावतो. आमच्याकडे वाइन आणि बीअर दुकानाच्या आत मिळते, पण व्हिस्कीसाठी बाहेर येऊन शेजारच्या दारातून आत जावं लागतं. भिंत एकच, दारं दोन. त्या दुसऱ्या दारावर कार्ड विचारत नाहीत. रविवारी ते बंद. सकाळी दहाच्या आत उघडत नाही, रात्री नऊनंतर चालू नाही.

कारण ऐकून मजा वाटेल. टेक्सासमध्ये शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला कडक दारूच्या दुकानाचा परवाना मिळत नाही. १९९५ पासूनचा कायदा आहे. वॉलमार्टने २०१५ मध्ये त्याविरुद्ध खटला भरला, खालच्या कोर्टात जिंकले, वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला, आणि २०२० च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. म्हणजे सॅम्स क्लबच्या, वॉलमार्टच्याच कार्डवाल्या दुकानाच्या, पोटाला चिकटून उभं असलेलं दारूचं दुकान सॅम्सचं नसतं. भाडेकरू म्हणा हवं तर.

मुक्त बाजाराच्या गप्पा मारणाऱ्या राज्यात हे चालतं, हे विशेष.

हिशेबनीस
वॉशिंग्टन राज्यातून. ओसरी, तुमच्या पेनसिल्व्हेनियासारखीच आमच्याकडेही २०१२ पर्यंत सरकारी दारूची दुकानं होती. ती बंद पडली त्याचं मोठं कारण तुमचं हेच आवडतं दुकान.

क्रम असा. २००४ मध्ये कॉस्टकोने राज्यावर दावा लावला. घाऊक विक्रेत्याने किमती आधी जाहीर करून ठराविक काळ त्याच ठेवायच्या, किमान १० टक्के नफा लावायचाच, जास्त माल घेतला म्हणून सूट द्यायची नाही, दुकानदाराने स्वतःच्या मध्यवर्ती गोदामात माल उतरवून घ्यायचा नाही, असे नियम होते. नीट पाहा, कॉस्टकोचा धंदाच ज्यावर चालतो ते सगळं इथे निषिद्ध. ठोक घ्या, स्वस्त घ्या, गोदामात उतरवा, हेच तर ते करतात. २००८ च्या जानेवारीत नवव्या सर्किट कोर्टाने (केंद्राचं विभागीय अपील कोर्ट) यातला बहुतेक भाग राज्याच्या बाजूने लावला, कारण २१ व्या घटनादुरुस्तीने दारूच्या बाबतीत राज्यांना बराच मोकळा हात दिलेला आहे. किमती जाहीर करून गोठवण्याचा नियम तेवढा टिकला नाही.

कोर्टात जमलं नाही, मग ते मतपेटीकडे वळले. २०१० चा पहिला प्रयत्न पडला. २०११ मध्ये इनिशिएटिव्ह ११८३, म्हणजे थेट लोकांच्या मताला टाकलेला कायद्याचा प्रस्ताव, आणलं, त्यात कॉस्टकोने २ कोटी डॉलरहून जास्त ओतले, आणि साधारण ५९ टक्के मतांनी ते पास झालं. १ जून २०१२ पासून खाजगी विक्री सुरू. त्यातली एक अट वाचून मला हसू आलं होतं: कडक दारू विकायला दुकान किमान १०,००० चौरस फुटांचं हवं. जुनी सरकारी दुकानं चालवायला घेणाऱ्यांना आणि जवळ दुसरं दुकान नसलेल्या भागांना सवलत आहे, पण कोपऱ्यावरचा छोटा दुकानदार बाहेरच.

रिकामटेकडा
म्हणजे आम्ही मोठ्यांना बाहेर ठेवतो आणि तुम्ही लहानांना. छान.

ओसरी
पण हिशेबनीस, मग दारू स्वस्त झाली असेल ना? सरकारी दुकानं गेल्याचा काहीतरी फायदा?

हिशेबनीस
सगळ्यांना हेच वाटलं होतं. हिशेब करून दाखवतो. १.७५ लिटरची बाटली, फळीवर किंमत ३० डॉलर. काउंटरवर तिला २०.५ टक्के स्पिरिट्स विक्रीकर, म्हणजे ६.१५. शिवाय दर लिटरला ३.७७ डॉलरचा वेगळा कर, म्हणजे १.७५ लिटरला ६.६०. झाले ४२.७५. आणि फळीवरच्या ३० मध्ये दुकानदाराने राज्याला द्यायची १७ टक्के परवाना फी आधीच मुरलेली असते. कायदा पास व्हावा म्हणून राज्याचं उत्पन्न बुडणार नाही याची सोय त्यातच करावी लागली, त्याची ही फळं. पहिल्या उन्हाळ्यात लोक बाटली घेऊन काउंटरवर जायचे आणि आकडा पाहून परत ठेवायचे. माझ्या डोळ्यांदेखतची गोष्ट.

जुनं खोड
मी सॅन डिएगोला १९७९ पासून आहे. तुम्ही सगळे दारूवर अडकलात, पण हा कार्डाचा प्रकार मुळात आला कुठून ते कोणी सांगत नाही, म्हणून चार ओळी.

सोल प्राइस नावाचे वकील इथलेच. त्यांनी १९५४ मध्ये फेडमार्ट काढलं. सरकारी कर्मचाऱ्यांनी दोन डॉलर भरून सभासद व्हायचं. लॉस एंजेलिसला त्याआधीच, १९४८ मध्ये, पोस्टातल्या लोकांनी फेडको काढलेलं होतं. पुढे १९५९ मध्ये जेम्को आलं. ही सगळी बंद दाराची दुकानं. दार बंद ठेवायचं एक कारण राज्यांच्या कायद्यात होतं असं मानलं जातं, आणि मला ते पटतं.

तेव्हा "फेअर ट्रेड" नावाचे कायदे होते. नाव गोंडस, काम उलटं. कारखानदाराने ठरवलेल्या किमतीखाली कोणी विकायचं नाही. पहिला कायदा आमच्या कॅलिफोर्नियाचा, १९३१ चा, मग बाकी राज्यांनी री ओढली आणि १९३७ मध्ये केंद्राने मिलर-टायडिंग्ज कायदा करून त्याला संरक्षण दिलं. त्यात मेख अशी की राज्यातल्या एका दुकानदाराने करारावर सही केली की सही न करणाऱ्या बाकीच्यांनाही तो भाव बांधील. टोस्टर कुठेही घ्या, भाव तोच. मग "आम्ही आम जनतेला विकतच नाही, आमच्या सभासदांना विकतो" हा बचाव कोणाला सुचला नसता तरच नवल.

केंद्राने हे कवच १९७५ च्या डिसेंबरात काढून घेतलं आणि १९७६ च्या मार्चपासून ते अमलात आलं. त्याच वर्षी जुलैत सोल प्राइस यांनी मोरेना बुलेवार्डवर विमानाच्या जुन्या हँगरमध्ये प्राइस क्लब उघडला. सुरुवातीला फक्त धंदेवाल्यांसाठी, वर्षाचे २५ डॉलर. कॉस्टको १९८३ चं, सिएटलचं. दोघं १९९३ मध्ये एक झाले. म्हणजे ज्या कायद्याला वळसा घालायला कार्ड उपयोगी पडायचं तो कायदा गेला, कार्ड मात्र राहिलं. उलट ते आणखी महाग झालं.

मी पहिल्यांदा मोरेनाला गेलो तेव्हा सभासद नव्हतो, ओळखीच्या एका उपाहारगृहवाल्याच्या मागे मागे आत शिरलो. आत सिमेंटची जमीन, पत्र्याचं छप्पर, उन्हाळ्यात भट्टी. आता त्याच कंपनीला फक्त सभासदत्वाच्या फीतून वर्षाला साडेचार अब्जांहून जास्त डॉलर मिळतात.

मेथीदाणा
जुनं खोड काका, ही पोस्ट म्हणजे मेजवानी. ते सही न करणाऱ्यालाही बांधील वालं मला अजिबात माहीत नव्हतं.

मी न्यू जर्सीत फार्मासिस्ट आहे (या दुकानांत नाही, दुसरीकडे). ओसरींच्या "कार्डाशिवाय काय मिळतं" या प्रश्नाचं माझ्या खात्यातलं उत्तर: डॉक्टरने लिहून दिलेली औषधं. कॉस्टकोच्या फार्मसीतून औषध घ्यायला सभासद असावं लागत नाही. दारात "फार्मसी" म्हणा, आत सोडतात. फार्मसी राज्याच्या बोर्डाच्या परवान्यावर चालते, बाहेरच्या पाटीवर नाव कोणाचंही असो. पण एक लक्षात ठेवा, सभासदांसाठी औषधांवर सवलतीची जी वेगळी योजना असते ती कार्डाशिवाय मिळत नाही. आणि औषध घेताघेता बदामाचं पाकीट काउंटरवर ठेवलं तर ते परत ठेवायला लावतील.

डोळे तपासणंही कार्डाशिवाय होतं. पुष्कळ ठिकाणी तिथला ऑप्टोमेट्रिस्ट दुकानाचा नोकर नसतोच, जागा घेऊन स्वतंत्र प्रॅक्टिस करतो. अनेक राज्यांना डोळ्याचा डॉक्टर चष्मे विकणाऱ्याच्या पगारावर असलेला चालत नाही. हे मला व्यक्तिशः योग्य वाटतं. चष्मा विकायचा म्हणून नंबर निघायला नको.

आणि पेट्रोल! आमच्याकडे कॉस्टकोच्या पंपावरही आपण नळीला हात लावायचा नाही. माणूस येऊन भरतो. १९४९ चा कायदा. २०२३ मध्ये ओरेगननेही सोडलं, आता आम्ही एकटेच. जानेवारीच्या थंडीत गाडीत बसून राहायला मिळतं, त्यामुळे माझी मुळीच तक्रार नाही.

चक्रधर
पेट्रोलवर आलात म्हणून लिहितो. विस्कॉन्सिन. आमच्याकडे १९३९ चा "अनफेअर सेल्स ॲक्ट" आहे. कोणताही माल खरेदीच्या भावाखाली विकायचा नाही, आणि पेट्रोल, दारू, तंबाखूवर तर किमान नफा लावायचाच, सक्तीने. पेट्रोलला ठोक टर्मिनल भावावर (इंधनाच्या डेपोवरचा भाव) ९.१८ टक्के. कर आणि वाहतूक धरून गॅलन ३ डॉलरला पडत असेल तर ते ३.२८ च्या आसपास विकावं लागतं. शेजारच्या पंपाने भाव पाडला असेल तर त्याच्या बरोबरीला येता येतं, पण तसं कळवावं लागतं.

आता या दुकानांचं गणित पाहा. कॉस्टको बहुतेक मालावर १४-१५ टक्क्यांच्या वर चढवत नाही असं स्वतःच सांगतं, आणि पेट्रोल म्हणजे गिऱ्हाईक ओढायचं आमिष. ते आमिषच कायद्याने कापून टाकलेलं. मी इलिनॉयच्या सीमेजवळ राहतो. शिकागोकडचे नातेवाईक आले की दर वेळी विचारतात, "तुमच्या कॉस्टकोत पेट्रोल शेजारच्या पंपापेक्षा फार स्वस्त का नाही?" दर वेळी हेच पुराण सांगतो आणि दर वेळी ते विसरतात.

हिशेबनीस
चक्रधर, हा कायदा शुद्ध गिऱ्हाईकाच्या खिशावर डल्ला आहे. तोटा दुकानदार सोसतोय, स्वस्त मला मिळतंय, मग राज्याच्या पोटात का दुखतं?

चक्रधर
मलाही आधी तसंच वाटायचं. मग आमच्या गावातला एक पंप बंद झाला. दोन भावांचा होता, गॅरेजही तिथेच. आता बॅटरी उतरली की टो करायला बावीस मैलांवरून गाडी येते. त्यांचा पंप स्वस्त पेट्रोलमुळेच बुडाला असं मी म्हणत नाही, धाकट्याला पुढे चालवायचाच नव्हता. पण मोठा दुकानदार दोन वर्षं तोटा सोसू शकतो आणि लहान दोन महिनेसुद्धा नाही, ही गोष्ट १९३९ मध्ये खरी होती तशी आजही आहे. ९.१८ हा आकडा बरोबर आहे का, त्यावर वाद घाला. खरेदीखाली विकू नका, एवढ्याला माझा पाठिंबा.

हिशेबनीस
दोन वर्षांनी तो मोठा भाव वाढवेल तेव्हा नवा लहान येईल की. बाजार म्हणतात त्याला.

जुनं खोड
हिशेबनीस, नवा लहान येत नाही. जमिनीखालच्या टाक्यांच्या पर्यावरणाच्या अटी आणि विमा यांचा खर्च बघा एकदा. मी एकेकाळी पंपाचा परवाना घ्यायच्या विचारात होतो, कागद पाहूनच घरी आलो.

आणि फेअर ट्रेडचं वर सांगितलंच. तेव्हाही "लहान दुकानदार वाचवा" हीच घोषणा होती. लहान दुकानदार काही फारसे वाचले नाहीत, टोस्टर मात्र महाग राहिले. म्हणजे तुमच्या बाजूलाही अर्धं बोललो. आता दोघांनी पाणी प्या.

तळटीप
उशिरा आले. वकिली करते, पण हा सल्ला नव्हे, नुसत्या गप्पा.

मुळात "सभासद" हा शब्द फसवा आहे. ज्याच्याकडे ६५ डॉलर आहेत तो कोणीही सभासद होऊ शकतो, निवड नाही, शिफारस नाही, मतदान नाही. कायद्याच्या भाषेत खाजगी क्लब म्हणजे काहीतरी वेगळं असतं. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात खऱ्या खाजगी क्लबांना सूट आहे, पण लोकांना सर्रास खुल्या असलेल्या दुकानाने कार्ड छापलं म्हणून ते क्लब होत नाही. त्यामुळे राज्य त्याला दुकान म्हणूनच धरतं: परवाने, वजनमाप, विक्रीकर, सगळं. कार्डाने दुकान कायद्याबाहेर जात नाही. गिऱ्हाईक मात्र एका करारात शिरतं.

हा दुसरा भाग लोकांच्या लक्षात येत नाही. दारात पावती तपासतात ना, खुणेची रेघ मारतात? साध्या दुकानात तुम्ही "नाही दाखवत" म्हणून चालायला लागलात तर चोरीचा वाजवी संशय असल्याखेरीज ते सहसा अडवू शकत नाहीत. दुकानदाराला थांबवण्याचा किती हक्क आहे ते प्रत्येक राज्याच्या कायद्यात थोडं वेगळं आहे. इथे मात्र सभासद होताना तपासणीला तुम्ही आधीच मान्यता दिलेली असते. नकार दिला तर तुम्हाला हातकड्या पडणार नाहीत, कार्ड जाईल.

काही राज्यांत, उदाहरणार्थ कॅलिफोर्निया, टेक्सास, मिनेसोटा इथे, दारू कार्डाशिवाय घेता येते. राज्याने विक्रीचा परवाना दिला तो जनतेला विकण्यासाठी दिला, हा त्यामागचा विचार. ओसरी, तुम्ही अकरा वर्षं कॅलिफोर्नियात कार्ड दाखवून वाइन घेतलीत, तेवढ्यापुरती गरज नव्हती!

ओसरी
अरे देवा. आणि आमच्या शेजारीणबाई मला दर वेळी "माझ्यासाठी पण आण गं" म्हणून पैसे द्यायच्या.

रिकामटेकडा
तळटीपबाई, एक रडगाणं गाऊ का? एका क्लबाचं (नाव नको) सभासदत्व मी ऑनलाइन घेतलं होतं. वर्षभरात दोनदा गेलो असेन. परवा क्रेडिट कार्डावर पुढच्या वर्षाचे पैसे आपोआप गेले. फोनवर पस्तीस मिनिटं गाणी ऐकली. माझा भाऊ सॅन होजेला, तो म्हणतो आमच्याकडे असं होत नाही.

तळटीप
भाऊ अगदी चूक नाही. कॅलिफोर्नियाचा आपोआप नूतनीकरणाचा कायदा कडक आहे. ऑनलाइन घेतलेलं ऑनलाइनच रद्द करता आलं पाहिजे, हे २०१८ पासून. १ जुलै २०२५ पासून अटी आणखी वाढल्या. देशभर लागू होईल असा केंद्राचा नियमही येऊ घातला होता, तो २०२५ च्या जुलैत आठव्या सर्किट कोर्टाने रद्द केला. म्हणजे पुन्हा ज्याचं त्याचं राज्य. तुम्ही पैसे परत मागा. ही मंडळी फी परत करण्यात सहसा कुरकुर करत नाहीत.

रिकामटेकडा
केली नाही. पस्तीस मिनिटांनंतर बाईंनी दोन मिनिटांत परत केले. म्हणून तर जास्त राग आला.

पाणपोई
ओरेगन. तुमच्या कोर्टकचेऱ्या वाचून दमले, आता पाण्यावर या.

४० बाटल्यांचा पाण्याचा खोका. ओरेगनमध्ये प्रत्येक बाटलीमागे १० सेंट अनामत, म्हणजे खोक्यामागे ४ डॉलर. कॅलिफोर्नियात छोट्या बाटलीला ५ सेंट, म्हणजे २ डॉलर. नदीपलीकडे वॉशिंग्टनमध्ये शून्य. मिशिगनमध्ये अनामत १० सेंटच, पण साध्या पाण्याच्या बाटलीला नाही, सोडा आणि बीअरला आहे. एवढ्या स्वस्त मालात अनामत कधी कधी पाण्याच्या किमतीला भिडते. सुट्या बाटलीवर १० सेंट कोणाला कळत नाहीत. खोक्यावर ४ डॉलर लगेच डोळ्यात येतात.

परत करणं हा वेगळाच सोहळा. आमच्याकडे हिरव्या पिशव्या भरून केंद्रावर टाकायच्या आणि पैसे खात्यात. माझ्या गॅरेजमध्ये सध्या सहा पिशव्या आहेत. मुलगा म्हणतो, आई, हे आपलं फिक्स्ड डिपॉझिट.

हिशेबनीस
पाणपोई, फिक्स्ड डिपॉझिटला व्याज असतं :)

करावरून आठवलं, ओसरींनी कॅलिफोर्नियाची एक गोष्ट अकरा वर्षांत पाहिली की नाही? पावतीवर सवलत असते ना, "इन्स्टंट सेव्हिंग्ज"? समजा साबण २० डॉलर, सूट ५. तुम्ही देता १५. कर मात्र २० वर लागतो. कारण ते ५ डॉलर साबणाची कंपनी दुकानाला भरून देते, म्हणजे दुकानाला शेवटी २० च मिळाले, असं राज्य म्हणतं. ९.२५ टक्क्यांच्या गावात १.३९ ऐवजी १.८५. दुकानाने स्वतःच्या खिशातून सूट दिली असेल तर कर १५ वरच.

ओसरी
पाहिली होती! एकदा काउंटरवर भांडलेसुद्धा होते. तो बिचारा पोरगा "मॅम, संगणकच तसं करतो" एवढंच म्हणत राहिला. आज कळलं संगणक बरोबर होता. त्याची क्षमा मागायला हवी.

मेथीदाणा
दारूवर परत जाते, एक राहिलं. न्यू जर्सीत एका मालकाला दारूच्या दुकानाचे दोनच परवाने मिळतात, १९६२ पासून. म्हणून आमच्या बहुतेक कॉस्टकोत दारू नाही, एखाद्या नशीबवान गावात आहे. नवऱ्याला वाटायचं अमुक गावचं दुकान "चांगलं" आहे. दुकान कुठलं चांगलं, दोन परवाने तिकडे गेलेत.

चक्रधर
मॅसॅच्युसेट्सलाही तसंच. आधी तीन होते, मग पाच, सात, २०२० पासून नऊ. २०२२ मध्ये आणखी बदलायचा प्रस्ताव लोकांनी मतदानात पाडला. आणि गंमत म्हणजे बीजेज, असंच तिसरं कार्डवालं दुकान, जन्मलं त्याच राज्यात, मेडफर्डला, १९८४ मध्ये. कोलोरॅडोत आधी एका मालकाला एकच, आता टप्प्याटप्प्याने वाढवतायत: २०१७ ला दोन, २०२२ ला तीन, २०२७ ला चार.

जुनं खोड
शेवटची एक उलटी गोष्ट सांगून थांबतो, नाहीतर सूनबाई संगणक काढून घेतील. आमच्याच राज्यातलं टरलॉक. २००४ मध्ये त्या शहराने नियम केला: १ लाख चौरस फुटांहून मोठं आणि ५ टक्क्यांहून जास्त जागा किराणा वगैरे करमुक्त मालाला देणारं सवलतीचं दुकान नको. रोख वॉलमार्टच्या सुपरसेंटरवर. पण त्याच नियमात कार्डवाल्या, फी घेणाऱ्या क्लबांना वगळलं. वॉलमार्ट कोर्टात गेलं आणि २००६ मध्ये अपील कोर्टाने शहराचा नियम उचलून धरला. एवढीच जागा, तेवढीच गर्दी, तेवढ्याच गाड्या, पण दारात कार्ड मागितलं की तुम्ही वेगळे. इथे कार्डाने खरोखर कायदा चुकवला बघा, आणि तोसुद्धा शहराच्या मर्जीने.

तळटीप
काका, वर मी "कार्डाने दुकान कायद्याबाहेर जात नाही" म्हटलं, ते तुम्ही सहज फिरवलंत. मानते. नगररचनेत जातं.

रिकामटेकडा
सूनबाईंना सांगा आणखी अर्धा तास द्यायला.

ओसरी, पुढच्या वेळी पाहुणे आले की सरळ डेलावेअरला जा. तिथे विक्रीकरच नाही. गाडी भरून आणा.

तळटीप
आणू नका. डेलावेअर जवळ आहे आणि लोक सर्रास जातात, पण बाहेरच्या राज्यातून घेतलेली दारू पेनसिल्व्हेनियात आणणं तिथल्या कायद्याने गुन्हा आहे. आणि इथल्या बाटलीत एक इतिहास भरलेला आहे तो चुकेल. १९३६ मध्ये जॉन्सटाउनला मोठा पूर आला. पूरग्रस्तांसाठी म्हणून दारूवर १० टक्के कर बसवला, तात्पुरता. १९६३ मध्ये तो १५ झाला आणि १९६८ मध्ये १८. गाव केव्हाच उभं राहिलं, कर अजून आहे. जातो राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीत.

ओसरी
आज मुद्दाम सरकारी दुकानात जाऊन आले. स्वच्छ, शांत, गाडाबिडा नाही, एक आजोबा काउंटरवर. पावती नीट वाचली: वाइन १३.९९, विक्रीकर ६ टक्के, ८४ सेंट. पुराचं नावनिशाण नाही. आजोबांना विचारलं, १८ टक्के कुठे दिसत नाहीत? त्यांनी बाटलीवरच्या किमतीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "तो आधीच आत आहे."